एक पंचमांश वाटा : हेज फंडांच्या आरंभकाळाचा इतिहास

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर १९४९ ते १९७० या काळात खासगी गुंतवणूक-भागीदारीचा एक नवा प्रकार जन्माला आला, काही वर्षे जवळजवळ अज्ञातवासात वाढला, मग अचानक फोफावला आणि पहिल्याच मोठ्या मंदीत बहुतांशी कोसळला. पुढे त्याला ‘हेज फंड’ हे नाव रूढ झाले. या प्रकाराचा इतिहास सामान्यतः शेअरबाजारातील डावपेचांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु ज्या माणसाच्या नावावर अद्याप कसलाच लौकिक नाही, त्याच्या हाती इतरांनी आपली पुंजी कोणत्या भरवशावर आणि कोणत्या अटींवर सोपवावी, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे, आणि त्या दोन दशकांत त्याची जी उत्तरे शोधली गेली तीच आजही नव्या फंडांच्या करारांत निरनिराळ्या रूपांत आढळतात.

‘हेज’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ शेताभोवतीचे झुडपांचे कुंपण असा आहे. एका बाजूला लावलेल्या पैजेचा धोका आवरण्यासाठी दुसऱ्या बाजूलाही थोडे लावून ठेवण्याच्या सावधगिरीला तोच शब्द फार पूर्वीपासून वापरला जात होता, आणि धान्याचे व कापसाचे व्यापारी वायदेबाजारात असे कुंपण घालतच असत. शेअरबाजारात याच कल्पनेवर एक कायमस्वरूपी संस्था उभी करण्याचे श्रेय आल्फ्रेड विन्सलो जोन्स यांच्याकडे जाते. त्यांना स्वतःला ‘हेज फंड’ हा शब्दप्रयोग व्याकरणदृष्ट्या खटकत असे. नामाला विशेषणाच्या जागी बसवणे त्यांना मान्य नव्हते आणि ‘हेज्ड फंड’, म्हणजे कुंपण घातलेला फंड, हेच रूप बरोबर आहे असा त्यांचा आग्रह होता. रूढीने तो मानला नाही.

जोन्स यांचा जन्म १९०० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अमेरिकी आईवडिलांच्या पोटी झाला, आणि ते चार वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी परतले. १९२३ मध्ये हार्वर्डची पदवी घेतल्यानंतर त्यांनी मालवाहू जहाजावर हिशेबनीस म्हणून प्रवास केला, हिटलरच्या उदयाच्या काळात बर्लिनच्या अमेरिकी दूतावासात काम केले, यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनमध्ये जाऊन क्वेकर पंथीयांच्या मदतकार्यासाठी पाहणी केली आणि १९४१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय ओहायो राज्यातील ॲक्रन या रबर-उद्योगाच्या शहरातील निरनिराळ्या वर्गांची खासगी मालमत्तेविषयीची मते हा होता. म्हणजे ज्या माणसाने पुढे भांडवलदारी जगातील सर्वांत नफेशीर संस्थांपैकी एक घडवली, तो वयाच्या चाळिशीपर्यंत कामगार आणि कारखानदार यांच्या विचारांतील अंतर मोजत होता. १९४० च्या दशकात ते ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी लिहू लागले, आणि मार्च १९४९ मध्ये शेअरबाजाराचा कल ओळखण्याच्या नव्या पद्धतींवर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. बाजाराचे भाकीत करणाऱ्यांना भेटता भेटता त्यांना स्वतःचीच एक कल्पना सुचली होती, आणि त्याच वर्षी चार मित्रांना सोबत घेऊन त्यांनी एक लाख डॉलरच्या भांडवलावर ए. डब्ल्यू. जोन्स अँड कंपनी ही भागीदारी सुरू केली. त्या एक लाखापैकी चाळीस हजार डॉलर जोन्स यांचे स्वतःचे होते.

ही कल्पना समजून घेण्यासाठी ‘शॉर्ट सेलिंग’ म्हणजे काय हे आधी पाहावे लागते. मुंबईच्या बाजारात ज्याला मंदीवाल्याचा सौदा म्हणतात तोच हा व्यवहार होय: आपल्याकडे नसलेला शेअर उसना घेऊन आजच्या भावाने विकायचा आणि भाव पडल्यावर स्वस्तात विकत घेऊन परत करायचा. मंदीवाल्याकडे अमेरिकेतही संशयाने पाहिले जाई. १९३८ च्या नियमानुसार भाव एक पायरी चढल्यावरच असा सौदा करता येत असे, आणि त्यातील नफ्यावर चढ्या दराने कर लागे. दुसरे हत्यार कर्जाचे, म्हणजे उसन्या पैशाने आपल्या भांडवलापेक्षा अधिक खरेदी करण्याचे. तेही साहसवाद्यांचेच समजले जाई. जोन्स यांनी ही दोन धोकादायक हत्यारे एकत्र वापरून धोका कमी होतो हे दाखवले. १९६१ मध्ये त्यांनी आपल्या भागीदारांना जे उदाहरण दिले त्यात एक लाख डॉलर असलेला सावध गुंतवणूकदार ऐंशी हजारांचे शेअर घेतो, तर कुंपण घालणारा उसन्या पैशाच्या आधारे एक लाख तीस हजारांचे चांगले शेअर घेतो आणि सत्तर हजारांचे वाईट शेअर शॉर्ट करतो. वरवर पाहता दुसऱ्याची उलाढाल दोन लाखांची आहे, पण बाजाराच्या सरसकट चढउताराचा फटका त्याला फक्त फरकाच्या साठ हजारांवर बसतो, म्हणजे सावध माणसाहूनही कमी.

यातला हिशेब आकडे मांडून पाहिल्यास स्पष्ट होतो. बाजार वर गेला, चांगले शेअर २० टक्के आणि वाईट शेअर १५ टक्के वाढले, तर सावध गुंतवणूकदाराला १६,००० डॉलर मिळतात आणि कुंपणवाल्याला खरेदीवरील २६,००० मधून शॉर्टवरील १०,५०० वजा जाऊन १५,५००. बाजार पडला, चांगले शेअर १५ टक्के आणि वाईट शेअर २० टक्के घसरले, तर पहिला १२,००० गमावतो आणि दुसरा १९,५०० च्या तोट्यातून १४,००० ची भरपाई होऊन केवळ ५,५००. तेजीत जवळपास बरोबरी आणि मंदीत निम्म्याहून कमी नुकसान, असे हे गणित आहे. मात्र चांगले-वाईट ओळखण्याची निवड खरोखर बरोबर असली पाहिजे, ही त्याची अट आहे. एखादा शेअर बाजाराच्या तुलनेत किती जोराने हलतो याचे माप जोन्स यांनी काढले होते आणि त्याला ते ‘वेग’ म्हणत. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे ज्याला ‘बीटा’ हे नाव दिले त्याची ही व्यवहारात आधीच वापरली गेलेली आवृत्ती होती. या मापामुळे नफ्याचा कोणता भाग बाजाराच्या लाटेमुळे आणि कोणता भाग निवडीच्या कौशल्यामुळे आला हे वेगळे काढता येई.

तथापि जोन्स यांचे अधिक टिकाऊ काम गणितापेक्षा कराराच्या मांडणीत आहे. १९५२ मध्ये त्यांनी भागीदारीचे स्वरूप बदलले: काम पाहणारे ‘सर्वसाधारण भागीदार’ आणि केवळ पैसा घालणारे ‘मर्यादित भागीदार’ असे दोन वर्ग केले. मर्यादित भागीदाराची जोखीम त्याने घातलेल्या रकमेपुरती असते आणि कारभारात त्याचा हात नसतो. व्यवस्थापनाचे ठरावीक शुल्क जोन्स घेत नसत; प्रत्यक्ष पदरात पडलेल्या नफ्याच्या २० टक्के, म्हणजे एक पंचमांश, एवढेच त्यांचे मानधन होते. दूरच्या सफरीवरून माल विकून सुखरूप परतणारे फिनिशियन व्यापारी नफ्याचा पाचवा हिस्सा स्वतःकडे ठेवत, असा दाखला ते देत असत. अर्धेलीने जमीन कसण्याची प्रथा ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील तत्त्व नवे वाटणार नाही: पीक आले तर कसणाऱ्याला वाटा, नाही आले तर त्याचे श्रम वाया. फिनिशियन दाखल्याच्या आड एक रोकडे कारणही होते. नफ्यातील वाटा भांडवली नफा म्हणून २५ टक्के दराने करपात्र होई, आणि शुल्क म्हणून घेतलेल्या उत्पन्नावर त्या काळी सर्वोच्च दर ९१ टक्क्यांपर्यंत जात असे.

या कराराला दोन गोष्टींचा आधार होता. पहिली म्हणजे काम करणाऱ्यांनी आपलीही पुंजी त्याच फंडात ठेवायची, त्यामुळे तोटा झाला तर तो त्यांच्याही घरात शिरे. दुसरी म्हणजे गुप्तता. १९४० च्या गुंतवणूक कंपनी कायद्याखाली सार्वजनिक निधींना कर्ज आणि शॉर्ट सेलिंग यांवर कडक बंधने होती, पण शंभरपेक्षा अधिक गुंतवणूकदार नसलेल्या आणि जाहिरात न करणाऱ्या खासगी भागीदारीला तो कायदा लागू नव्हता. म्हणून जोन्स यांनी गाजावाजा टाळला आणि गुंतवणूकदार ओळखीपाळखीतून, जेवणाच्या टेबलावरील बोलण्यातून मिळवले. त्यांत ब्रिज खेळातील नामवंत सॅम स्टेमन होते, तसेच गांधीजींचे चरित्रकार लुई फिशरही होते. १९४२ च्या जूनमध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आठवडाभर राहून गांधीजींशी संवाद करणारे हे तेच फिशर. विश्वस्तवृत्तीची कल्पना मांडणाऱ्या महात्म्याचा चरित्रकार आणि जगातला पहिला हेज फंड यांची अशी गाठ पडावी, हा योगायोग मराठी वाचकाला विशेष वाटेल. पण जोन्स यांचे मित्रवर्तुळ लेखक-विचारवंतांचेच होते, हे लक्षात घेतले की त्यात अनपेक्षित असे काही उरत नाही.

याच सुमारास, जोन्स यांच्याशी काहीही संबंध नसताना, नेब्रास्कातील ओमाहा शहरात पैसा कोणत्या भरवशावर सोपवावा हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला जात होता. ५ मे १९५६ रोजी पंचवीस वर्षांच्या वॉरन बफे यांनी सात भागीदारांच्या १,०५,००० डॉलरवर आपली पहिली भागीदारी स्थापन केली आणि स्वतःचे १०० डॉलर घातले. सात जणांची यादी पाहिली तर आरंभीचा पैसा कोठून येतो हे दिसते: आत्याचे ३५,०००, सासऱ्यांचे २५,०००, मित्राच्या आईचे २५,०००, बहीण-मेहुण्याचे १०,०००, त्या मित्राचे स्वतःचे ५,००० आणि वकील मित्राचे ५,०००. करार असा होता की पहिले ४ टक्के भागीदारांचे, त्यावरील नफा निम्मा-निम्मा, आणि तोटा झाल्यास त्याचा चौथा हिस्सा बफे यांनी स्वतःच्या खिशातून भरायचा. शंभर डॉलर घालणाऱ्या तरुणाने तोट्याची अमर्याद जबाबदारी अंगावर घ्यावी ही अट जोन्स यांच्या कराराहूनही कडक होती. हाती घालण्यासारखी पुंजी नसेल तर विश्वासाचे तारण दुसऱ्या कोणत्या तरी स्वरूपात द्यावे लागते, ही गोष्ट ज्या तरुण वयात बफे यांनी ओळखली ते पाहता त्यांच्या पुढील यशाचे आश्चर्य कमी होते.

जोन्स स्वतः शेअर निवडण्यात फारसे रमणारे नव्हते आणि आपण त्या कामात असामान्य नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून १९५४ पासून त्यांनी फंडाच्या भांडवलाचे भाग करून ते निरनिराळ्या व्यवस्थापकांकडे सोपवायला सुरुवात केली. नवा माणूस पारखण्याची त्यांची रीत पुढील काळाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. निरनिराळ्या दलाली पेढ्यांतील हुशार माणसांना ते कागदी गुंतवणूक चालवायला सांगत: खरा पैसा हाती असता तर काय घेतले आणि काय विकले असते, हे त्या माणसाने वेळोवेळी कळवायचे, आणि जोन्स यांच्या कार्यालयात त्या काल्पनिक सौद्यांचा खराखुरा हिशेब ‘वेगा’ची वजावट करून ठेवला जाई. ज्याची निवड महिनोन्महिने बरोबर ठरे त्याच्या पेढीला दलालीच्या रूपाने मोबदला मिळे. त्या काळी दलालीचे दर ठरीव आणि भरमसाट असत, १ मे १९७५ पर्यंत ते तसेच राहिले, त्यामुळे हा मोबदला लहान नव्हता. यातूनच काही जण पुढे खुद्द जोन्स यांच्याकडे रुजू झाले. अनोळखी माणसाच्या बोलण्याने किंवा ओळखपत्राने प्रभावित न होता त्याच्या निर्णयांची नोंदवही पाहून पैसा सोपवण्याची ही पद्धत समाजशास्त्रज्ञाच्या स्वभावाला साजेशी होती, आणि नव्या फंडात पैसा घालणाऱ्यांनी आजवर वापरलेल्या कसोट्यांपैकी ती सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल.

अशा रीतीने तयार झालेली माणसे कायम दुसऱ्याच्या छपराखाली राहणे शक्य नव्हते. १९६४ मध्ये कार्ल जोन्स (आडनाव सारखे, नाते नाही) यांनी सिटी असोसिएट्स सुरू केली. १९६५ मध्ये डिक रॅडक्लिफ यांनी बार्टन बिग्ज यांच्यासह फेअरफील्ड पार्टनर्स काढली. तरीही वॉल स्ट्रीटबाहेर या जगाची वार्ता नव्हती. एप्रिल १९६६ मध्ये कॅरल लूमिस यांनी ‘फॉर्च्यून’मध्ये जोन्स यांच्यावर लेख लिहिला आणि चित्र पालटले. मे १९६५ पर्यंतच्या पाच वर्षांत जोन्स यांच्या फंडाने, व्यवस्थापकांचा पाचवा हिस्सा वजा जाऊनही, ३२५ टक्के नफा दिला होता. त्याच काळात अग्रेसर ठरलेल्या फिडेलिटी ट्रेंड या सार्वजनिक निधीचा आकडा २२५ होता. दहा वर्षांच्या हिशेबात जोन्स ६७० टक्क्यांवर आणि ड्रायफस फंड ३५८ वर होता. हा लेख अनेक होतकरूंनी माहितीपत्रकासारखा वापरला. अमेरिकी रोखे आयोगाने घेतलेल्या आढाव्यात सुमारे १४० हेज फंड आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या १९६८ मध्ये निघाले होते. मायकेल स्टाइनहार्ट यांनी दोन सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये सुमारे ७७ लाख डॉलरवर काढलेला फंड पहिल्याच वर्षात दुपटीहून वाढला, आणि अशा बातम्यांनी पुढच्या पैशाला पाय फुटले.

या लाटेत कराराचे अक्षर तेवढे घेतले गेले. एक पंचमांश वाटा प्रत्येकाने उचलला, कारण त्यात व्यवस्थापकाचा लाभ होता. स्वतःची पुंजी फंडात ठेवण्याची शिस्त पुष्कळांना पाळता येण्यासारखीच नव्हती, कारण त्यांच्याकडे पुंजीच नव्हती, आणि बफे यांच्याप्रमाणे तोट्याची हमी देण्याची कोणाची तयारी नव्हती. त्यामुळे वाटा एकाच दिशेने काम करू लागला: जिंकल्यास लाखो, हरल्यास दुसऱ्याचे. शॉर्ट सेलिंगचे कुंपणही सैल झाले, कारण चढत्या बाजारात मंदीचा प्रत्येक सौदा तोट्यात जातो, आणि इतर सगळे कमावत असताना वर्षानुवर्षे तो तोटा सोसायला लागणारा धीर तरुणांकडे नव्हता. उसना पैसा मात्र राहिला. कर्ज आहे आणि कुंपण नाही अशी ही अवस्था जोन्स यांच्या कल्पनेच्या नेमकी उलट होती. खेदाची गोष्ट अशी की त्यांच्या स्वतःच्या फंडातही व्यवस्थापकांचा हात तसाच सैल झाला होता.

१९६८ च्या डिसेंबरात ९८५ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक २६ मे १९७० रोजी ६३१ वर आला. लहान, वेगवान आणि महागडे शेअर भरून बसलेल्या फंडांची घसरण त्याहून खोल होती. १९६८ च्या अखेरीस सर्वांत मोठ्या असलेल्या २८ फंडांचे भांडवल सप्टेंबर १९७० पर्यंत तोटा आणि गुंतवणूकदारांनी काढून घेतलेल्या रकमा यांमुळे ७० टक्क्यांनी घटले, आणि त्यांतील पाच बंद झाले. खुद्द जोन्स यांचा फंड बाजारापेक्षाही अधिक खाली गेला. लूमिस यांनी जानेवारी १९७० मध्ये ‘फॉर्च्यून’मध्येच हेज फंडांच्या वाईट दिवसांची हकीकत लिहिली; पावणेचार वर्षांत एकाच लेखणीने उदय आणि पडझड या दोन्हींची नोंद केली. स्टाइनहार्ट यांचा फंड टिकला, कारण मंदीच्या बाजूने ठामपणे उभे राहण्याची त्यांची तयारी होती.

ही पडझड चालू असतानाच युरोपात एक वेगळा प्रयोग सुरू झाला. १९६९ मध्ये जिनिव्हा येथील एडमंड द रॉथशील्ड यांच्या खासगी बँकेत जॉर्ज कार्लवाइस यांनी लेव्हरेज्ड कॅपिटल होल्डिंग्ज हा अनेक फंडांत पैसा विखरून ठेवणारा फंड सुरू केला, आणि १९७१ मध्ये शिकागोत रिचर्ड एल्डन यांनी ग्रोव्हनर पार्टनर्सद्वारे अमेरिकेत तसाच पायंडा पाडला. अशा ‘फंडांच्या फंडा’चे काम शेअर निवडण्याचे नसून माणसे निवडण्याचे असते.

याहून वेगळी आणि अधिक कडक शाळा न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे भरली. १९६९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ हेल्मुट वायमर यांनी पॉल सॅम्युएल्सन यांच्यासारख्या गुंतवणूकदारांच्या साहाय्याने २५ लाख डॉलरवर कमोडिटीज कॉर्पोरेशन स्थापली. मका, कोको यांसारख्या मालाच्या वायद्यांत व्यवहार करणाऱ्यांना ती भांडवल देई. आरंभीच मक्याच्या रोगाविषयीचा अंदाज चुकला आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. त्यानंतर तिने असा नियम केला की आपल्या वाट्याच्या भांडवलापैकी निम्मे गमावणाऱ्या व्यवहारकर्त्याने सर्व सौदे मोडावेत, महिनाभर बाजारापासून दूर राहावे आणि आपला अंदाज कोठे चुकला याचे लेखी निवेदन व्यवस्थापनाला द्यावे. निवेदन लिहिणारा माणूस आपल्या चुकीकडे पाहण्यास भाग पडतो, आणि वाचणाऱ्याला त्याच्या पुढील सौद्यांवर किती पैसा लावावा हे कळते. पुढे स्वतःचे मोठे फंड उभारणारे ब्रूस कोव्हनर या शिस्तीतून गेले.

१९८४ मध्ये ए. डब्ल्यू. जोन्स अँड कंपनीने आपला करार बदलला आणि ती औपचारिकपणे ‘फंडांचा फंड’ बनली. कारभार तोवर जोन्स यांचे जावई रॉबर्ट बर्च यांच्याकडे आला होता. जोन्स यांचे निधन १९८९ मध्ये झाले. बर्च यांचे स्नेही ज्युलियन रॉबर्टसन यांनी १९८० मध्ये ९० लाखांहून कमी डॉलरवर टायगर हा फंड काढला होता. तो ३० मार्च २००० रोजी बंद झाल्याची घोषणा झाली, तेव्हा रॉबर्टसन यांनी कार्यालय रिकामे न करता तेथेच आपल्या हाताखालच्या तरुणांना जागा आणि आरंभीचे भांडवल दिले, आणि त्या बदल्यात नव्या फंडांच्या उत्पन्नात हिस्सा घेतला. आजच्या भाषेत याला ‘सीडिंग’, म्हणजे बीजभांडवल घालणे, म्हणतात: ज्याची नोंदवही अजून कोरी आहे अशा व्यवस्थापकाला पहिली मोठी रक्कम द्यायची, ती ठरावीक वर्षे काढून घ्यायची नाही आणि त्याच्या शुल्कात वाटेकरी व्हायचे. २००१ मध्ये चेस कोलमन यांच्या टायगर ग्लोबलला रॉबर्टसन यांच्याकडून सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले, ते अशाच रीतीने. कोलमन यांची नोंदवही मात्र कोरी नव्हती. टायगरमधील वर्षांत त्यांचे निर्णय रॉबर्टसन यांनी जवळून पाहिले होते.

भारतात हेज फंडांना कायद्याची चौकट उशिरा मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेबीने २१ मे २०१२ रोजी पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम अधिसूचित केले, आणि कर्ज व शॉर्ट सेलिंग यांचा वापर करणाऱ्या हेज फंडांना त्यांतील तिसऱ्या वर्गात बसवले. गुंतवणूकदाराने किमान एक कोटी रुपये घालावेत, निधी किमान वीस कोटींचा असावा, आणि फंड काढणाऱ्या व्यवस्थापकाने किंवा प्रायोजकाने भांडवलाच्या ५ टक्के किंवा दहा कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, शेवटपर्यंत त्याच फंडात ठेवावी, असे त्या नियमांनी ठरवले. जोन्स यांनी १९४९ मध्ये कोणी न सांगता घातलेला हिस्सा ४० टक्के होता.